पाळण्याचा शिक्का

शनिवार, पौष महिना, साल एकोणीसशे सत्तावन्न. सकाळची शाळा सुटल्यानंतर. हजर: मोठ्या बाई, मी, शिपाईण सखूबाई आणि सातवीच्या मुली. गैरहजर: गोवर निघालेली एक, काकीच्या बाळंतपणासाठी कोन गावी गेलेली एक. जायचे ठिकाण: तळ्याकाठच्या मैदानावरचे प्रदर्शन. बरोबर घेतले: पाण्याची कळशी, दोन पेले, टिंक्चरची बाटली, शिट्टी, शिक्क्यांचे कार्ड.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत हे असं लिहिलेलं आहे. स्टुलाची नोंद त्यात नाही, कारण ते माझ्या सामानात नव्हतं. ते मोठ्या बाईंचं होतं आणि ते घेतल्याशिवाय त्या कुठे निघाल्या आहेत असं पनवेलमध्ये कुणी पाहिलेलं नाही.

घडीचं स्टूल होतं ते. दोन लाकडी चौकटी आणि मध्ये जाड कापडाची पट्टी. जमीनमोजणी खात्यात असलेल्या त्यांच्या भावाने ते कधीतरी दिलं होतं. छत्री नसली तरी चालेल, चष्मा नसला तरी चालेल, स्टूल हवं. बाजारात जाताना ते काखेत असायचं. मध्येच कुठेतरी त्या थांबायच्या, स्टूल उघडायच्या, लुगड्याचा घोळ सावरून बसायच्या आणि बघत राहायच्या. कल्हईवाला पातेल्याला नवसागर लावतो आहे, ते. बंदरावर मिठाच्या गोणी गलबतात चढवतायत, ते. एकदा तर भर रस्त्यात, एक माणूस दुसऱ्याला पत्ता समजावून सांगत होता, ते. तो पत्ता चुकीचा होता असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "पण सांगत इतका छान होता हो."

बैलगाडीवाले त्यांना वळसा घालून गाडी काढायचे. कुणी शिवी दिली नाही. निम्म्या पनवेलच्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या.

आमची शाळा मुलींची, सातवीपर्यंतची. मोठ्या बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली. वर्गावर त्या बाई, मीही बाई, म्हणून त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. मला मुली मागे काय म्हणायच्या तेही मला ठाऊक होतं: घड्याळबाई. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शाळेत एक तरी घड्याळ लागतंच.

मोठ्या बाईंची बोलण्यातली दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "आधी बसा, मग बघा." दुसरं, "घाई असेल तर पुढच्या वर्षी या." दुसरं वाक्य त्या मुलींना, पालकांना, पोस्टमनला, सगळ्यांना सारख्याच सुरात म्हणायच्या. त्यात राग नसायचा. पुढच्या वर्षी या म्हणजे खरंच पुढच्या वर्षी या, मी इथेच असेन, असा तो सूर असायचा.

एका वर्षी शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला आले तेव्हा शाळेत एकटी सखूबाई होती. सगळी शाळा बाईंनी बैलगाडीची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात नेली होती, लाकडी चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवतात ती बघायला. तो तास गणिताचा होता. दिपोटी रागाने लाल होऊन कारखान्यात गेले. बाई उठल्या, नमस्कार केला आणि आपलं स्टूल त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, आधी बसा. दिपोटी बसले. धाव चढली, पाणी ओतलं, वाफेचा लोट उठला, लाकूड करकरलं, आणि दिपोटीसाहेब उठायचं विसरून गेले. शेरेबुकात मात्र त्यांनी त्यांचं काम चोख केलं. "मुलींची शिस्त उत्तम. मुली शाळेत नव्हत्या." हा शेरा मी स्वतः वाचलेला आहे.

त्या वर्षीचा गणिताचा पोर्शन मी संध्याकाळचे जादा तास घेऊन पुरा केला. दरवर्षी करायची. सातवीची फायनल काही स्टुलावर बसून पास होता येत नाही, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. घरी जाऊन दिवा लावायचा, चूल पेटवायची, वह्या तपासायच्या. दमायची मी. मोठ्या बाईंना ते दिसत असे. त्यांना सगळंच दिसत असे. कधीकधी त्या माझ्या टेबलावर चार बोरं ठेवून जायच्या.

आता कर्नाळ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या शाळेची सहल दरवर्षी कर्नाळ्याच्या किल्ल्यावर ठरायची. दरवर्षी जायची. किल्ला आमच्या मुलींनी पाहिलेला नव्हता. पहिल्या वर्षी पायथ्याशी काही कातकरी बाया कंद खणत होत्या. बाईंनी स्टूल उघडलं. कंद किती खोल असतो, तो न तुटता कसा काढतात, ते बघेपर्यंत ऊन उतरलं आणि परतायची वेळ झाली. दुसऱ्या वर्षी ओढ्यात खेकडे निघाले. तिसऱ्या वर्षी बसमध्ये मी स्वतः बाईंच्या शेजारी बसले, पायथ्यापासून वर थेट न्यायचंच असं ठरवून. बस शिरढोणच्या पुढे बंद पडली. ड्रायव्हरने समोरचं झाकण उघडलं, आतून वाफ आली, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झालेली मला दिसली. बाई रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसल्या होत्या, मुली त्यांच्याभोवती. ड्रायव्हरला आयुष्यात इतका मान मिळाला नसेल. त्याने इंजिनाचा एकेक भाग दाखवून नाव सांगायला सुरुवात केली. बस दुरुस्त झाल्यावरही तो सांगतच होता. शिदोऱ्या आम्ही तिथेच सोडल्या.

त्या मुलींत मालती होती. मालती म्हणजे आमच्या शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांची मुलगी. अध्यक्षांची भाताची गिरणी होती, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. संध्याकाळी त्यांनी लेकीला विचारलं, किल्ला कसा होता? मालतीने त्यांना जेवण होईपर्यंत रेडिएटर समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब शाळेत आले. फार चिडले नव्हते, पण बोलले ते लागेल असंच. सगळ्या कुलाबा जिल्ह्यात कर्नाळ्याला जाऊन किल्ला न बघता परत येणारी ही एकच शाळा आहे म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

मग पुढच्या पौषात प्रदर्शन आलं. तळ्याकाठच्या मैदानावर तंबू उभे राहिले, मधोमध आकाशपाळणा चढला. त्याच्या दिव्यांची माळ गावाच्या कुठल्याही टोकाहून दिसायची. शाळांसाठी एक शनिवार मोफत ठेवला होता, दुपारपासून पाचपर्यंत. प्रत्येक शाळेला एक कार्ड. कार्डावर चौकोन. मुली मंडपात नेल्या की तिथला माणूस त्या चौकोनात शिक्का मारणार. आलेला वर्ग पूर्ण हवा, एकटी बाई कार्ड घेऊन गेली तर शिक्का नाही. सगळे चौकोन भरलेलं कार्ड आणणाऱ्या शाळेला शिवणाचं मशीन मिळणार होतं.

भाऊसाहेबांनी आम्हा दोघींना गिरणीत बोलावलं. कोंड्याची धूळ सगळ्या कागदांवर बसलेली. त्यांनी बोटाने टेबलावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "मोठ्या बाई, मला मशीन हवं आहे. मशीनपेक्षा मला कार्ड हवं आहे. पुरं भरलेलं. एकदा तरी तुम्ही ठरवलेली गोष्ट पुरी करून दाखवा. नाहीतर जूनपासून शाळा या बाई बघतील." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला.

"या बाई बघतील तर छानच बघतील," मोठ्या बाई म्हणाल्या.

निघताना भाऊसाहेबांनी आणखी एक सांगितलं. प्रदर्शनात सरकारी कोंबडीपालनाचा मंडप होता. त्यांच्या घरात अंड्याचं नावही चालत नसे. मालतीला त्या मंडपात नेऊ नका, म्हणाले. मी म्हटलं, वर्ग पूर्ण नसेल तर शिक्का मिळणार नाही. हे त्यांनाही पटलं. थोडा विचार करून त्यांनीच तोड काढली: मालतीने आत जावं, पण पाठ करून उभं राहावं.

परत येताना मोठ्या बाई नेहमीपेक्षा भरभर चालत होत्या. शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती, ती मुख्याध्यापिकेची. बाई त्या खोलीत इतकी वर्षं राहत होत्या की तिथल्या चिंचेच्या झाडाला लोक बाईंची चिंच म्हणायचे. पनवेलमध्ये त्यांचं दुसरं घर नव्हतं, नवरा लग्नानंतर लगेच गेलेला. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की पेणला भावाकडे. भावाच्या घराबद्दल त्या एकदाच बोलल्या होत्या. तिथे सगळे पहाटे उठल्यापासून धावत असतात, आणि धावून कुठेच जात नाहीत, असं काहीतरी.

फाटकाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "मला त्या खोलीत राहायचं आहे हो. शनिवारी तुम्ही म्हणाल तशी चालेन."

मी रात्रीच मैदानाचा नकाशा काढला. कुठून आत शिरायचं, कुठून बाहेर पडायचं, उलटं चालावं लागू नये म्हणून कुठला मंडप आधी. आकाशपाळणा मुद्दाम शेवटी ठेवला, नाहीतर मुली तिथून हलल्या नसत्या. कोंबड्यांचा मंडप त्याच्या आधीचा.

शनिवारी बाईंनी शब्द पाळला. रांगेच्या पुढे मी, गळ्यात शिट्टी. मध्ये मुली. शेवटी सखूबाई कळशी घेऊन आणि तिच्याबरोबर मोठ्या बाई, काखेत मिटलेलं स्टूल. आत शिरायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, शिक्का, बाहेर. आरसेमहालात मुली आपापली बुटकी रूपं बघून हसायला लागल्या तोवर मी शिट्टी वाजवली. धरणाची प्रतिकृती होती, तिच्यातून खरं पाणी वाहत होतं. हातमाग होता. बोलणारं मुंडकं होतं. आरोग्य खात्याच्या मंडपात प्लॅस्टरचा डास होता, म्हशीच्या रेडकाएवढा. तिथे बाईंची पावलं जरा रेंगाळली. डासाच्या पायांवर कुणीतरी एकेक केस चिकटवलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागल्या.

एकामागून एक चौकोन भरत होते. मला बरं वाटायला हवं होतं. उन्हात धूळ उडत होती, माझे पाय भरून आले होते आणि मुली फार शहाण्यासारख्या चालत होत्या. रोडपालीहून येणारी पार्वती म्हणून एक मुलगी होती, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. ती पुढे येऊन मला हळूच म्हणाली, "बाई, मोठ्या बाईंना बरं नाय का?"

"का गं?"

"त्या बसल्याच नाय अजून."

मी तिला रांगेत जायला सांगितलं.

कोंबड्यांच्या मंडपात आम्ही पोचलो तेव्हा हाताशी चांगला वेळ होता. मंडप लहान, कोपऱ्यातला. बाकीच्या शाळा दारातून डोकावून शिक्का घेऊन पाळण्याकडे पळत होत्या. आत पिंजऱ्यांत पांढऱ्या परदेशी कोंबड्या, आणि एका टेबलावर अंडी उबवायची पेटी. खाली रॉकेलचा दिवा, वर काचेचं झाकण, आत ओळीने अंडी. पण शिक्का मारणारा माणूस जागेवर नव्हता. चहा प्यायला गेला होता.

म्हणून थांबावं लागलं. माझ्या नकाशात हे थांबणं नव्हतं.

मुली पेटीभोवती जमल्या. मालती, वर्गाची नायिका, दाराकडे तोंड आणि पेटीकडे पाठ करून काठीसारखी उभी राहिली. सखूबाईने काचेतून वाकून पाहिलं आणि कोंबडी कुठंय असं विचारलं. पार्वती म्हणाली कोंबडी नाहीच, दिवाच उबवतो. सखूबाईचा विश्वास बसेना.

"आयेशिवाय?" ती म्हणाली. "आमचे घरची कोंबरी अंड्यावरशी उठवून दाखवा, डोला फोरेल ती. आनी हितं दिवा?"

मुली हसल्या. आरसेमहालानंतर पहिल्यांदा. तेवढ्यात कुणालातरी एका अंड्यावर चीर दिसली. चिरेच्या टोकाला टिकलीएवढं भोक होतं आणि त्यातून काहीतरी आत-बाहेर होत होतं.

"काय झालं?" मालतीने मागे न वळता विचारलं.

"काय नाय. तू तिकडं बघ," पार्वती म्हणाली.

"पण काय झालं?"

"अंडं फुटतंय."

मालतीची मान हलली नाही. तिचे हात मात्र परकराच्या काठाशी चाळा करायला लागले.

चहाला गेलेला शिक्केवाला साहेब आला. त्याने कार्डावर शिक्का मारला. आता एकच चौकोन उरला होता. पाळणा समोर दिसत होता, शाळांची शेवटची रांग लागत होती. मी शिट्टी वाजवली. माझ्या शिट्टीला मुली सरावलेल्या होत्या, त्या रांगेत आल्या. मालती सर्वांत पुढे. अर्धी रांग मंडपाच्या बाहेर पडली असेल तेव्हा मागून पार्वतीचा आवाज आला, "बाई, चोच."

रांग थबकली. मालतीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं. मुलगी हट्टी नव्हती. तिने नीट विचारलं, "मी एकदा बघू का?"

मोठ्या बाईंनी तिला विचारलं, "घरी काय सांगितलंय?"

"मंडपात पाठ करून उभी राहा."

"मग?"

"राहिले ना. शिक्का झाला."

 बाईंनी काखेतलं स्टूल काढलं, उघडलं, पेटीसमोर ठेवलं आणि त्याची पट्टी हाताने झटकली. मग मालतीला म्हणाल्या, "आधी बस. मग बघ."

मालती बसली. बाहेर पडलेली रांग परत आत आली आणि तिच्याभोवती गोळा झाली. बाई तिच्या मागे उभ्या होत्या. त्या स्टुलावर दुसऱ्या कुणाला बसवून त्या स्वतः उभ्या आहेत, असं मी दिपोटींच्या नंतर पहिल्यांदा पाहत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "बाई, पाळणा राहिला."

"हो."

"खोली," मी म्हटलं.

"माहीत आहे मला." त्यांची नजर काचेवरून हलली नव्हती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुम्ही पण टेका कुठेतरी. सकाळपासून उभ्या आहात."

मी टेकले नाही. कार्ड घेऊन पाळण्याकडे गेले. शिक्केवाला तरुण होता, गळ्यात रंगीत रुमाल. मी त्याला म्हटलं, शाळा इथेच आहे, पलीकडच्या मंडपात, शिक्का मारा, मुली येतीलच.

"मुली कुठायत?" तो म्हणाला.

"अंडं बघतायत."

तो हसला. "पाळणा सोडून अंडं? बाई, मी कोल्हापूरपासून हा पाळणा फिरवतोय, हे कुठं ऐकलं नव्हतं." शिक्का त्याने मारला नाही. नियम त्याने केलेला नव्हता आणि त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. पाचचा भोंगा झाला.

परत येईपर्यंत मला वाटत होतं की निदान पिल्लू तरी बाहेर आलं असेल. मुलींनी ते पाहिलं असेल, भाऊसाहेबांपुढे सांगायला काहीतरी असेल. पिल्लू बाहेर आलेलं नव्हतं. भोक तसंच होतं, थोडं मोठं. चोचीचं पिवळं टोक दिसायचं, उघडायचं, मिटायचं, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. मुली श्वास रोखून त्या काहीच न होण्याकडे बघत होत्या.

मंडपवाला दिव्यात रॉकेल घालायला आला. म्हणाला, "आता रात्रभर चालेल ते. दमतं, थांबतं, परत टोचतं. मध्ये कुणी हात लावला तर मरतं. चला आता, बंद करायचंय."

मुलींचे चेहरे पडले. रात्रभर तिथे बसता आलं असतं तर त्या बसल्या असत्या. पार्वतीने विचारलं, मग आम्हाला कळणार कसं? मोठ्या बाईंनी स्टूल मिटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या बाई उद्या विचारून येतील, आणि सोमवारी वर्गात सांगतील. त्यांच्या यादीत लिहिलं की ते होतंच."

मी तिथेच डायरी काढून लिहिलं: पेटीवाल्यास विचारणे, पिल्लू बाहेर आले का.

रविवारी सकाळी मी गेले. प्रदर्शन संध्याकाळी उघडणार होतं, फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. संध्याकाळी पुन्हा जायचं ठरवलं, तर भाऊसाहेबांचा निरोप आला, दोघींनी गिरणीत या.

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मालतीने घरी सगळं सांगितलं होतं, आणि तिच्या आजीने तिला डोक्यावरून आंघोळ घातली होती. पण भाऊसाहेब अंड्याबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"सगळ्या पनवेलला दिसतो तो पाळणा. तुम्हाला तेवढा दिसला नाही?"

"दिसला ना भाऊसाहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्या या खिडकीतूनसुद्धा दिसतोय. बघा."

भाऊसाहेबांनी खरंच मान वळवून पाहिलं. दिवे लागले होते. क्षणभर ते बघत राहिले, मग स्वतःवरच चिडल्यासारखे टेबलाकडे वळले आणि मला म्हणाले, जूनपासून तयारी ठेवा.

मी म्हटलं की मला खोलीची गरज नाही, माझं घर आहे. मोठ्या बाईंना खोलीत राहू द्या. ते म्हणाले खोलीत शिवणाचा वर्ग काढायचा आहे, मशीन आता ते स्वतः घेऊन देतील. मी पुन्हा म्हटलं. त्यांनीही पुन्हा तेच म्हटलं. बाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि आम्ही निघालो. मैदानावर जायचं त्या संध्याकाळी राहून गेलं.

सोमवारी सकाळी शाळेआधी मी मैदानावर गेले. तंबू उतरले होते. कोंबड्यांचा मंडप होता तिथे खुंट्यांची भोकं, थोडा पेंढा आणि चिरडलेली अंड्यांची टरफलं पडली होती. टरफलांवरून काय कळणार? पाळण्याची माणसं सामान बांधत होती. सरकारी ट्रक रात्रीच गेला, कुठे गेला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

वर्गात मी सांगितलं की चौकशी चालू आहे.

मोठ्या बाई जूनच्या पहिल्या आठवड्यात गेल्या. पेणच्या एसटीला सामान चढवलं: एक ट्रंक, एक वळकटी. स्टूल मांडीवर. सखूबाई रडत होती. बाईंनी मला शाळेबद्दल एकही सूचना केली नाही, किल्ल्यांचा जुडगा दिला, नळाचं तोंड ढिलं आहे म्हणाल्या. बस सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "पिल्लाचं राहिलं हं विचारायचं."

याला आता बरीच वर्षं झाली. शाळा मी नीट चालवली. पोर्शन पुरा होतो, फायनलचा निकाल चांगला लागतो, मुली कर्नाळ्याला जातात आणि वर किल्ल्यापर्यंत जाऊन येतात. दम लागतो, पण मोजून सगळ्या वर येतात आणि मोजून सगळ्या खाली. शिवणाच्या वर्गाच्या खिडकीतून चिंचेची फांदी आत येते, ती दरवर्षी छाटावी लागते. त्याला माणूस मिळत नाही.

कामासाठी पेणला गेले होते तेव्हा एकदा त्यांना भेटून आले. भावाच्या घरात त्या नव्हत्या. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, बसल्या असतील कुठेतरी, आमच्या घरात कुणाला बसायला वेळ आहे? त्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यासमोर सापडल्या. एक म्हातारा मूर्तींचे डोळे रंगवत होता. मी शेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांना मी आल्याचं लक्षात आलं. पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला. मी सांगितलं, अजून कळलं नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "यादीत राहू दे मात्र."

गेल्या वर्षी त्या गेल्या. कळवणारं कार्ड भावाने टाकलं होतं, चार ओळींचं. स्टुलाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

त्या वर्गातल्या मुली आता बायका झाल्या आहेत. पार्वती मला बाजारात भेटते, कडेवर तिचं दुसरं मूल असतं. मालती मुंबईला कॉलेजात शिकवते, दिवाळीला आली की शाळेत येते. इकडचं तिकडचं बोलून होतं, भाऊसाहेबांच्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि जायला उठता उठता दोघीही तेच विचारतात. बाई, ते पिल्लू बाहेर आलं का हो?

हो म्हणणं सोपं आहे. कुणाचं काही जाणार नाही, आणि बहुतेक ते आलंच असेल. पण काम झाल्याशिवाय पुढे खूण करायची नाही ही माझी जन्माची सवय आहे. नवी डायरी आणली की मागच्या वर्षीची राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवून घेते. यंदाही उतरवली आहेत. कौलं चाळून घेणे. चिंचेची फांदी. पाण्याच्या टाकीचे झाकण. पेटीवाल्यास विचारणे.